सोबतीचा कागद

१

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या खिडकीसमोर एक निळी पिशवी उलटी झाली आणि तिच्यातून चारऐवजी तीनच पासपोर्ट बाहेर पडले.

पिशवी धरणाऱ्या सुनेने आत हात घालून चाचपलं, अस्तर बाहेर ओढलं, पुन्हा एकदा झटकलं. एक जुनी पावती पडली. पासपोर्ट काही पडला नाही. "आत्यांचा नाहीये," ती म्हणाली, आणि इतक्या हळू म्हणाली की मागच्या रांगेतल्या लोकांनी ऐकायला माना पुढे काढल्या.

खिडकीच्या आत भिंगबाई बसल्या होत्या. खरं नाव काय ते पगारपत्रकाला ठाऊक. धक्क्यावर सगळे त्यांना भिंगबाईच म्हणत. सव्वीस वर्षं त्या जहाजावर चढणाऱ्यांचे कागद तपासत होत्या. यंत्रं आली, पडदे आले, तरी गळ्यातलं भिंग काही सुटलं नव्हतं. एकोणीस दिवसांनी निवृत्ती होती, आणि त्या दिवसाची त्यांना अक्षरशः धास्ती होती. घरी माणूस नाही. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नव्हतंच. घरचा फोन वाजायचा तो बहुतेक वेळा चुकून लागलेला, आणि तरी भिंगबाई त्या अनोळखी माणसाशी दोन वाक्यं जास्तच बोलून घ्यायच्या. आता ह्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

हे चौघं रांगेत होते तेव्हापासूनच त्यांचं तिकडे लक्ष होतं. काठी टेकत उभे असलेले म्हातारे दादा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे आत्या, दादांचा मुलगा म्हणजे आत्यांचा भाचा, आणि सून. आत्या सत्तरी उलटलेल्या, अंगाने काडी. त्या सारख्या सुनेला काही ना काही सांगत होत्या. दादाची रात्रीची गोळी हिरव्या डबीत आहे, जेवणानंतर अर्ध्या तासाने द्या. जहाज हललं की तुम्ही वर जाल, तेव्हा त्याच्या गळ्याशी काहीतरी गुंडाळा. रात्री तो उठला तर आधी दिवा लावा, अंधारात धडपडतो. सून हो आत्या, हो आत्या करत होती. किती जीव लावते ही बाई, असं भिंगबाईंच्या मनात आलं, आणि उगाच आत कुठेतरी दुखलं. त्यांना गोळीची आठवण करून देणारं कोणी नव्हतं.

आता पासपोर्ट गेला कुठे? फाटकावरच्या रखवालदाराला बोलावलं. त्याने वही दाखवली. एक वाजून वीस मिनिटांनी चार माणसं, चार पासपोर्ट, समोर त्याची सही. म्हणजे फाटकापर्यंत होता आणि खिडकीपर्यंत नव्हता. मधे होतं ते एक लांबलचक दालन, चाळीस खुर्च्या आणि पन्नास मिनिटं.

भाच्याने मोबाईलवर पासपोर्टचा फोटो पुढे केला. झेरॉक्सही होती. भिंगबाईंनी मान हलवली. मूळ कागद हातात नसेल तर माणूस चढत नाही, आणि चार वाजता दार लागलं की मग कोणीही आलं तरी उघडत नाही, हे त्यांनी सव्वीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नव्हती.

"मग आम्ही कोणीच चढत नाही," दादा म्हणाले आणि काठी जमिनीवर आपटून जवळच्या खुर्चीत बसले.

२

खिडकीमागे भिंगबाईंची एक खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, फायलींचं कपाट. त्यांनी चौघांना एकेक करून आत घेतलं. खरं तर हे त्यांचं काम नव्हतं, पण वरचे साहेब जहाजावर गेले होते आणि जाताना बघा तुम्हीच काय ते, म्हणून मोकळे झाले होते.

भाचा आधी आला. घड्याळाकडे बघत बोलणारा, बोलताना उभाच. त्याच्या मते उघड उघड चोरी होती, पोलिसांना बोलवायला हवं होतं, आणि इथे सगळा अंधेर कारभार होता. भिंगबाईंनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं की तो स्वतः कुठे होता. तो सामान द्यायला गेला होता. त्याने खिशातून सामानाच्या चार पावत्या काढून टेबलावर टाकल्या. एकवीस किलो, एकोणीस, चौदा, चार.

"चार किलो कोणाचे?" भिंगबाईंनी विचारलं.

"आत्याचे. तिला काय लागतं हो, दोन कपडे आणि एक पुस्तक. ती कधी काही मागतच नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला.

सून आली ती डोळे पुसतच. पिशवी तिच्याकडेच होती. फाटकावर चारही पासपोर्ट तिने दाखवले, चारही परत ठेवले. मग पाण्याची बाटली भरायला गेली तेवढी पाच मिनिटं पिशवी आत्यांच्या मांडीवर होती. "सगळ्यांना वाटतंय मीच लपवला," ती म्हणाली. का वाटावं असं, भिंगबाईंनी विचारलं. तेव्हा तिने कबूल केलं की महिन्यापूर्वी घरात ह्यावरून वाजलं होतं. आत्यांना न्यायचं नाही असं ती नवऱ्याला म्हणाली होती. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप.

दादांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे त्यांची मुलाखत अख्ख्या दालनाने ऐकली. त्यांनी सरळ सुनेवर बोट ठेवलं. तिला आत्या नकोच होती, ते म्हणाले. माझी बहीण मात्र देवमाणूस आहे. आईचं तिने केलं, वडिलांचं केलं, माझी बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती तिचं केलं. पन्नास वर्षांत कशाला नाही म्हणून म्हणाली नाही. बोलता बोलता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

सगळा संशय आता एका सुनेवर येऊन थांबला होता. आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवाने भिंगबाईंना एवढं कळत होतं की ज्या कागदावर सगळं जागच्या जागी असतं तो कागद आधी भिंगाखाली धरावा.

शेवटी आत्या आल्या. त्या शांत होत्या. जाऊ द्या हो माझं, त्या म्हणाल्या, ह्यांची बोट चुकायला नको, तेवढं बघा. भिंगबाईंनी बाकीच्यांसारखीच त्यांनाही पर्स रिकामी करायला लावली. चष्मा, रुमाल, थोडे सुटे पैसे. घराची किल्ली, वरच्याच कप्प्यात. आणि पोस्टाच्या तिकिटांची एक पट्टी, अर्धी फाडलेली.

"पत्रं लिहिता?" भिंगबाईंनी विचारलं.

"जुनी सवय आहे," आत्या म्हणाल्या आणि पट्टी घडी करून परत ठेवली.

त्या बाहेर गेल्यावर भिंगबाई पुन्हा रखवालदाराकडे गेल्या. ह्या चौघांपैकी कोणी मधे बाहेर गेलं होतं का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, त्या बारीकशा आजी गेल्या होत्या, पाय मोकळे करायला म्हणून. दोन मिनिटांत आल्या परत. भिंगबाईंनी फाटकातून बाहेर पाहिलं. समोर बसथांबा होता, बंद पडलेलं फुलांचं दुकान होतं, आणि मधोमध टपालपेटी होती.

३

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. भिंगबाईंनी आत्यांना दालनाच्या टोकाशी नेलं. तिथे खिडकीखाली एक बाक होतं आणि खिडकीतून जहाजाची पांढरी भिंत तेवढी दिसत होती. दोघी बसल्या.

"पाकीट पेटीच्या फटीतून सहज गेलं, की ढकलावं लागलं?" भिंगबाईंनी विचारलं.

 आत्यांनी रुमालाची घडी केली, उलगडली आणि पुन्हा केली.

मग भिंगबाईंनीच सांगितलं, अगदी हलक्या आवाजात. ज्या बाईला भावाच्या खोलीत झोपायचं आहे ती भावाच्या गोळ्या सुनेला समजावून देत नाही, स्वतः देते. रात्री दिवा लावा म्हणून सांगत नाही, स्वतः लावते. रांगेत तुम्ही इतकं बोललात, पण आपण वर जाऊ असं एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही जाल, तुम्ही द्या, तुम्ही लावा. तेव्हा तर पिशवी उलटी व्हायची होती, पासपोर्ट गेल्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. मग तुम्हाला कसं ठाऊक? शिवाय रिकामी सूटकेसच साडेतीन किलो भरते. सात दिवसांचे कपडे अर्ध्या किलोत मावत नाहीत, माणूस कितीही साधं असलं तरी. आठवडाभर बाहेर जाणारा घराची किल्ली तळाशी टाकतो, तुमची हाताशी होती. पिशवी पाच मिनिटं तुमच्या मांडीवर होती, आणि पाकिटावर पत्ता आणि तिकिटं घरूनच लावून आणलेली.

"परवा-तेरवा घरी येईल पोस्टाने," आत्या म्हणाल्या. "तुम्ही फार हुशार आहात हो."

आता भिंगबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांना वाटलं, कारणही आपल्याला समजलं आहे. त्यांनी आत्यांना सांगितलं की घरातल्या माणसांत असूनही परकं वाटणं म्हणजे काय ते मी जाणते. सून तुम्हाला नको म्हणाली, ते तुमच्या कानावर आलं असेल. पण म्हणून असं स्वतःला बाजूला काढू नये. एकटं पडणं फार वाईट असतं. 

आत्या चक्क हसल्या.

"अहो, माझ्या बाजूने बोलणारी घरात ती एकटीच आहे. ती काय म्हणाली होती माहितीये? आत्यांना न्यायचं तर पाहुणी म्हणून न्या, बाबांची दाई म्हणून नेणार असाल तर नेऊ नका. मी भिंतीपलीकडून ऐकलं. नवरा वाईट दिसू नये म्हणून गप्प बसली आहे बिचारी."

मग त्या सांगत गेल्या. आईच्या खोलीत झोपायचं, मग वडिलांच्या, मग वहिनीच्या, आता दादाच्या. त्या घरात एकटीने अशी एक दुपारही कधी काढली नव्हती. जहाजाचं ठरलं तेव्हा आधी वाटलं, हे तिघं जातील. सात दिवस घर रिकामं. दार लावायचं आणि बसायचं. भूक लागली तर खायचं, नाही तर नाही. कोणी हाक मारणार नाही. ह्या विचाराने त्यांना तीन रात्री आनंदाने झोप आली नव्हती. आणि चौथ्या दिवशी भाच्याने मोठ्या हौसेने चौथं तिकीट आणून हातावर ठेवलं.

"नाही म्हणायचं होतं," भिंगबाई म्हणाल्या.

"कसं म्हणतात ते?" आत्यांनी खरोखरच विचारलं. "आजारी पडावं, तर कोणीतरी सोबतीला थांबणार. रुसावं, तर सगळे मिळून मनधरणी करणार. कागदच नसला तर मात्र कोणाचा इलाज नाही. कोणाला राग नाही, कोणाला सोबत राहायची गरज नाही. फक्त त्या पोरीवर नाव येईल हे माझ्या लक्षात आलं नाही. ते फार वाईट झालं. पण दादा काठी आपटतो तेवढंच, आता वीस-पंचवीस मिनिटांत हे निघतील, आणि परत आले की मी तिला सगळं खरं सांगेन. तुम्ही तेवढं बोलू नका."

भिंगबाईंनी हात सोडला. जी शांतता ह्या बाईला सात दिवस हवी होती ती त्यांच्या घरात सहा वर्षं पडून होती, आणि कोणाला द्यावी म्हटलं तर देता येत नव्हती. हे त्यांना बोलून दाखवावंसं वाटलं, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांना दुसरंच काहीतरी सांगणं भाग होतं.

"आत्याबाई, ते निघणार नाहीत," त्या म्हणाल्या. "दादांच्या फायलीत एक सोबतीचा कागद आहे. पंचाहत्तरीच्या वरचा, औषधं चालू असलेला माणूस एकटा चढत नाही. त्याच्या खोलीत झोपणाऱ्या सोबत्याचं नाव लिहून द्यावं लागतं. त्यावर तुमचं नाव आहे. खाली तुमची सही आहे."

आत्यांना आठवलं. भाच्याने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला होता, जिथे फुली तिथे सही. त्यांनी वाचलं नव्हतं. सही करायला सांगितलं की करायची, एवढंच त्यांना ठाऊक. घरासाठी केलेल्या पन्नास वर्षांच्या सह्यांपैकी ही शेवटची सही त्यांच्याच गळ्याशी आली होती.

"तुम्ही नाही तर दादा नाहीत," भिंगबाई म्हणाल्या. "आणि ते दोघं त्यांना सोडून जातील असं मला वाटत नाही. पाच वाजता तुम्ही चौघंही घरी असाल."

आत्यांनी खिडकीतून जहाजाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं की सोबतीचं नाव बदलता येतं का.

बदलता येत होतं. नव्या माणसाची सही लागत होती. पण आधीच्या सोबत्याने सगळ्यांसमोर लिहून द्यायचं होतं, की मी माझ्या मर्जीने येत नाही. कागद हरवला हे कारण त्यात चालत नव्हतं.

घड्याळात साडेतीन वाजत आले होते.

४

भिंगबाईंच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर दादा बसले, दुसरीवर कोणीच बसलं नाही. आत्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. भिंगबाईंनी कोरा फॉर्म पुढे केला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

"पासपोर्ट हिने घेतलेला नाही," आत्या म्हणाल्या. "मी घेतला आणि पोस्टात टाकला."

भाचा काहीतरी बोलायला गेला. सुनेने त्याच्या दंडाला हात लावला, तसा तो थांबला.

"काय म्हणते ही?" दादांनी विचारलं.

आता हे मोठ्याने बोलावं लागणार होतं. हळू आवाजात नाही म्हणायचीसुद्धा त्या घरात सोय नव्हती. आत्या दादांच्या कानाशी वाकल्या नाहीत. त्या जागेवरूनच, दालनातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"दादा, मला यायचं नाही. मला सात दिवस घरात एकटीला राहायचं आहे. तुझ्या खोलीत तुझा मुलगा झोपेल."

दादांना ऐकू आलं.  मग त्यांनी विचारलं, घरात काही काम राहिलं आहे का. नाही, आत्या म्हणाल्या. कोणी येणार आहे का. कोणी नाही. मग एकटी बसून काय करणार, त्यांनी विचारलं, आणि त्यात राग नव्हता, त्यांना ते खरंच समजत नव्हतं. पन्नास वर्षं एका घरात राहून आपल्या बहिणीला काय करायला आवडतं हे आपल्याला सांगता येत नाही, हे बहुधा त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी मान खाली घातली आणि काठीची मूठ चोळत बसले.

"मला रात्री दोनदा उठावं लागतं," ते शेवटी मुलाला म्हणाले. "तुला जमेल का?"

भाच्याने पेन उचललं. गोळ्या कुठल्या, किती वाजता, हे त्याला काहीच ठाऊक नव्हतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. आत्या सांगायला लागल्या, तर सून म्हणाली, "राहू द्या आत्या, डबीवर लिहिलंय, ते वाचतील." आत्या गप्प बसल्या. गप्प बसणं त्यांना अवघड गेलं, हे भिंगबाईंना दिसलं.

चारला सात मिनिटं कमी असताना तिघं दारातून आत गेले. सून वळून परत आली, आत्यांच्या पाया पडावं की गळ्यात पडावं हे तिला ठरवता येईना, शेवटी तिने नुसताच त्यांचा खांदा दाबला आणि पळाली. दादा मात्र वळले नाहीत. ते मुलाच्या हाताला धरून एकेक पाऊल टाकत गेले.

दार लागलं. दालन रिकामं झालं. झाडूवाली खुर्च्यांखालून कागद गोळा करायला लागली. आत्यांनी पर्स खांद्याला लावली आणि फाटकाच्या दिशेने निघाल्या, भिंगबाई त्यांच्यासोबत चालत राहिल्या. बसथांब्यापाशी दोघी थांबल्या. भिंगबाईंच्या मनात एक गोष्ट मघापासून घोळत होती. ती बोलावी की नाही, असं त्यांचं चाललं होतं. सहा वर्षांत त्यांनी कोणाला असं विचारलं नव्हतं.

"माझं पाचला सुटतं," त्या म्हणाल्या. "थांबता का तासभर? चहा घेऊ कुठेतरी. मग मी सोडते तुम्हाला घरापर्यंत."

आत्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ह्या बाईला काय हवं आहे ते त्यांना कळलं असावं. दुसऱ्याला काय हवं आहे हे ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा हात क्षणभर पुढे झाला आणि परत पर्सवर गेला.

"नको," त्या म्हणाल्या. "राग मानू नका हो. आज पहिल्यांदा नाही म्हणाले आहे. लगेच मोडवत नाही."

भिंगबाई म्हणाल्या, छे, राग कसला. बस आली. आत्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या, आणि बस सुटायच्या आधीच त्यांनी पर्समधून घराची किल्ली काढून हातात धरली.

भिंगबाई परत खोलीत आल्या. फॉर्म फायलीत लावला, भिंग पुसून खणात ठेवलं, तिसरी खिडकी आतून बंद केली. पाच वाजायला अजून पाऊण तास होता. त्या खुर्चीत बसून राहिल्या. पुढचं जहाज गुरुवारी होतं आणि आज सोमवार होता.